दुसरा ब्रेक

प्रिय भिंगरी,

एक्केचाळीस वर्षांच्या बाईला या नावानं हाक मारू नये, हे मला कळतं. पण लिहायला बसलो आणि तुझं कागदावरचं नाव काही केल्या हातून उतरेना. पत्र पाहून दचकू नकोस. आई ठीक आहे, मीही तसा ठीक आहे. ओळी कडेला तिरक्या गेल्या असतील तर त्याचं कारण पुढे येईलच. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. जेवलीस का विचारतो आणि ‘घे, आईशी बोल’ म्हणून मोकळा होतो. तर बातमी अशी की गाडी येत्या बावीस तारखेला मिळणार आहे. होय, तीच. चौदा महिन्यांपूर्वी नोंदवलेली, विजेवरची. आठ महिन्यांपूर्वी कर्जाच्या कागदांवर सह्या करायला तू एका दिवसासाठी येऊन गेलीस, तेव्हा सगळे कागद वाचून झाल्यावर चष्मा काढून तू एकच गोष्ट विचारली होतीस. बाबा, घरच्या गाडीला दुसरा ब्रेक कुणासाठी? मी म्हणालो, सवय गं, दुसरं काय. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवताना तो जादा ब्रेक माझ्या पायाखाली होताच. तू ‘बरं’ म्हणालीस आणि सही केलीस. त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं राहून गेलं आहे.

आधी गाडीची रडकथा ऐक, कारण ती मी कुणालाच सलग सांगितलेली नाही. शोरूममधला तो विक्रेता पन्नाशीचा गृहस्थ आहे, टक्कल पडलेलं, शर्टाला कडक इस्त्री. पहिल्या दिवशी मी विचारलं, तीन महिन्यांत मिळेल? म्हणाला, होऊन जाईल साहेब. कर्जाचं? होऊन जाईल. जुनी गाडी महिनाअखेरच्या आत दिलीत तर जादा किंमत लावून देतो, तेही होऊन जाईल. आईनं घरी येईपर्यंत त्याचं नावच ‘होऊनजाईल’ पाडलं. आणि मी, जन्मभर लोकांच्या कानीकपाळी ओरडत आलो की पुढचं दिसल्याशिवाय ओव्हरटेक करू नका, तोच मी नवी गाडी हातात यायच्या आत जुनी देऊन बसलो. वीजवाल्यानं मात्र कमाल केली. चार दिवसांत बाहेरच्या भिंतीवर चार्जरची पेटी बसवून गेला. चौदा महिने ती पेटी हिरवा दिवा लावून उभी आहे. आई तिच्या हुकाला छत्री अडकवते. पोस्टमननं एकदा विचारलं, पत्रं यातच टाकायची का?

तारखा तर विचारूच नकोस. पहिली गेली, कारण बॅटऱ्या जहाजात अडकल्या. दुसरी गेली, कारण राखाडी रंग संपला. पांढरी चालत असेल तर लगेच देतो म्हणाले. चालते म्हटल्यावर कळलं की पांढरीही नाही. तिसऱ्या तारखेला मी दाढी करून, ठेवणीतला शर्ट घालून शोरूमला गेलो, तर होऊनजाईल माझ्या नजरेला नजर देईना. मग आतून त्यांच्या व्यवस्थापक बाई आल्या आणि त्यांनी काय ते खरं सांगून टाकलं. गाडी केव्हाच आली असती. घोडं अडलं होतं माझ्या दुसऱ्या ब्रेकपाशी. तो कंपनी बसवून देत नाही, गाडी वेगळ्या कारखान्यात पाठवावी लागते, तिथे त्याचे सुटे भाग वर्षातून दोनदा येतात, आणि दर वेळी माझा नंबर रांगेच्या शेवटी जातो. ब्रेक नको म्हणा, पंधरा दिवसांत गाडी घेऊन जा, असं त्या म्हणाल्या. मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. आवाज चढला माझा. लोक वळून पाहायला लागले.

बँकेची तऱ्हा त्याहून निराळी. मंजुरीपत्र सहा महिने चालतं, तेवढ्यात गाडी आली नाही की ते रद्दीत. पुन्हा तेच फोटो, तेच दाखले, व्याज मात्र वर चढलेलं. मधल्या काळात मी पासष्टी ओलांडली, म्हणून कमावतं माणूस सह-कर्जदार हवं झालं. तुला बोलावलं ते त्यासाठी. तुझी सही झाली आणि वाटलं, सुटलो. तर बँकेतल्या मॅडमना ऑर्डरच्या कागदावर तो ब्रेक दिसला. दुसरा ब्रेक म्हणजे शिकवणीची गाडी, शिकवणीची म्हणजे धंद्याची, आणि धंद्याची म्हणजे व्याज जास्त, आधी भरायची रक्कम दुप्पट. मी म्हटलं, मॅडम, धंदा बंद केला, पाटीसुद्धा उतरवली. त्या म्हणाल्या, मग ब्रेक काढून टाका ना काका, कशाला त्रास करून घेता? अगदी गोड बोलल्या, पण मी खुर्ची मागे सारून उठून आलो. त्यानंतर कितीतरी महिने मी शोरूम आणि बँक असे खेटे घालत राहिलो, दोन्हीकडे माझी फाइल नुसती पडून. आई म्हणाली, एका पेडलपायी वर्ष घालवलंत, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तिचं बरोबर होतं. मी तिलाही काही सांगितलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी या वाट पाहण्याचा मला खरा संताप येतो, ती. गाडी नोंदवली तेव्हाच माझ्या डोळ्यांत काचबिंदू धरला होता. तुला कळवू दिलं नाही, आईला शपथ घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थेंब नेमानं घाला, वर्षभर गाडी चालवायला हरकत नाही. त्या एका वर्षात आईला तिच्या बहिणीकडे न्यायचं मी ठरवलं होतं. बसमध्ये तिला मळमळतं, पेट्रोलचा वास सोसत नाही, म्हणून तर विजेवरची गाडी. ते वर्ष तारखांत गेलं, भिंगरी. गेल्या महिन्यात परवान्यासाठी डोळे तपासायला गेलो. यंत्रात हनुवटी टेकवायची आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ नुसता बसून होतो, मला वाटलं चाचणी सुरूच झालेली नाही. सुरू होऊन निम्मी संपली होती. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. परवाना गेला. म्हणजे गाडी दारात येईल तेव्हा तिला हलवणारं घरात कुणी नसेल. आईचं मनगट तसं, माझे डोळे असे. राहिलीस तू, आणि तू एकवीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. टॅक्सीतसुद्धा पुढे बसत नाहीस.

डोळे आज ना उद्या जाणार, हे मला नोंदणीच्या दिवशीच माहीत होतं. कधीतरी तुला गळ घालायची, तू चालवायचं, मी शेजारी बसायचं आणि माझा ब्रेक माझ्या पायाखाली असायचा, असं मनात धरूनच मी तो मागवला होता. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वाचून तुला राग येईल, यायलाच हवा.

ते खूळ डोक्यातून काढलं होऊनजाईलनं, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. परवाना गेल्यानंतरच्या आठवड्यात मी शोरूमला गेलो होतो, बहुतेक भांडायलाच. माझा चेहरा पाहून त्यानं मला त्यांच्या नमुन्याच्या गाडीतून चक्कर मारायला नेलं. तो चालवत होता, मी शेजारी. त्याच्या मुलीला परीक्षेत कमी गुण मिळाले, त्याबद्दल बोलत होता. शाळेच्या कोपऱ्यावर एक बाई सामानाची ढकलगाडी घेऊन अचानक रस्त्यात उतरली. मला ती दिसली तेव्हा ती गाडीच्या नाकासमोर होती. माझा पाय आपोआप खाली गेला, सगळं बळ लावून. खाली नुसती चटई. आणि गाडी हळूच थांबली, कारण त्यानं त्या बाईला माझ्या कितीतरी आधी पाहिलं होतं. बाई गेली, त्यानं गाडी पुढे काढली, मुलीच्या गुणांचं बोलणंही तोडलं नाही. माझा पाय अजून चटईवर दाबलेलाच होता. साहेब, काय झालं, म्हणून त्यानं विचारलं. काही झालं नव्हतं.

त्या दिवशीही काही झालं नसतं. तू वीस वर्षांची होतीस, परवान्याच्या परीक्षेला आठ दिवस राहिले होते. पुलाच्या अलीकडचा उतार, मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर गिऱ्हाइकांच्या शिवून झालेल्या कपड्यांचं गाठोडं. रस्त्यात कुत्रं आलं. तू ते पाहिलं होतंस आणि वेग कमी करायला पाय उचलला होतास. मला तुझा पाय दिसत होता. कुत्रं पार होणार, हेही दिसत होतं, माझे डोळे तेव्हा चांगले होते. तरी मी माझा ब्रेक गच्च दाबला. मागचा टेम्पो आदळला, आई पुढच्या दोन सीटांच्या मध्ये फेकली गेली आणि तिच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला. लोक जमले. टेम्पोवाला अंगावर धावून आला, मोकळ्या रस्त्यात ब्रेक कुणी मारला म्हणून. गाडीच्या दारावर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं नाव रंगवलेलं होतं. मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू म्हणालीस, बाबा, मी नाही दाबला. मी चारचौघांत म्हणालो, मग काय गाडीनं आपला आपण दाबला? दवाखान्यात तू पुन्हा तेच म्हणालीस, पण जरा चाचरत. आणि आईच्या हाताचं प्लॅस्टर निघालं, बोटं मिटेनात, त्या दिवशी तू म्हणालीस, मला नीट आठवत नाही, मीच दाबला असेन. मी तुझ्यासमोर उभा होतो. तेव्हा एक शब्द बोललो असतो तरी पुरला असता. बोललो नाही.

तू ब्रेक दाबला नव्हतास. मी दाबला होता. हे मला कधीही विसरायला झालं नाही, नंतर उमगलं असंही नाही. तू घरी यायचीस, आई डाव्या हातानं कात्री चालवताना दिसली की उठून तिच्या हातातलं कापड घ्यायचीस, आणि मी वर्तमानपत्र वाचायचो. मला माझी लाज वाटते. तीस वर्षांत मी गावभराच्या लोकांना गाडी शिकवली आणि माझ्या पोरीचा तिच्या स्वतःच्या पायांवरचा भरवसा काढून घेतला.

परवा बँकेत जाऊन ब्रेक रद्द केल्याचा फॉर्म भरला. बदलाचं कारण लिहायला दोन ओळींची जागा होती. मॅडम म्हणाल्या, ‘वैयक्तिक’ लिहा, चालतं. मी ‘वैयक्तिक’ लिहिलं आणि घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती बाही जोडत होती. तिनं सुई टोचून ठेवली, कापडाची घडी घातली आणि विचारलं, तिला सांगितलंत? मी नाही म्हणालो. मग आधी तिला लिहा, म्हणाली, तोवर माझ्याशी बोलू नका. दोन दिवस झाले, ताट वाढून ठेवते आणि आत जाते. म्हणून हे पत्र. माफ कर असं मी लिहीत नाही, तेही ओझं तुझ्याच गळ्यात घातल्यासारखं होईल. बावीसच्या आत ‘नको’ एवढं जरी कळवलंस तरी मी गाडी घेणार नाही आणि तुझ्या सहीवर कर्ज राहणार नाही, ते विचारून घेतलं आहे. पण तुला गाडी हवी असेल तर शीक. माझ्याकडे नको, तुझ्या तिकडे कुणाकडेही, परवान्याला लागतील तेवढे महिने लागू देत. तोवर होऊनजाईल गाडी दारात आणून लावेल आणि ती तिथेच उभी राहील. वाट पाहायला मी आता शिकलो आहे. तू येशील तेव्हा किल्ली तुझी, आई तुझ्या शेजारी बसेल. मी मागे बसेन, त्या दिवशी आई बसली होती तिथे.

तुझाच,
बाबा