दाखवण्यापुरता खोकला

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. (लांबूनच करतोय, का ते पुढे कळेल.) तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि मामींचा राग?

मला छातीच्या दवाखान्यात पाहणीचं काम मिळालंय. येणाऱ्यांपैकी किती जणांना क्षय निघतो आणि कशामुळे, ते शोधायचं. बाकावर माणसाशेजारी बसून विचारायचं : विडी? दारू? साखरेचा आजार? एका खोलीत झोपता किती जण? खिडकी आहे? मामा, माणसं कशी कशी जगतात हे ऐकून मी रोज तोंडात बोट घालतो. एक शिंपीआजोबा म्हणाले, "खिडकी आहे की. पण तिच्यापुढे कपाट आहे, आणि पलीकडे शेजाऱ्याची भिंत." झोपणारे सात. (फॉर्मात 'हो' आणि 'नाही' एवढीच जागा. मी दोन्हींवर खूण केली.)

आजोबांना तपासणीसाठी डबीत बेडका द्यायचा होता. पण चारचौघांत खाकरायला लाजत होते, नुसती थुंकी टाकायचे. म्हटलं, चला, दाखवतो. आवारात नेलं, छाती भरून श्वास घेतला आणि असा खोकलो की झाडावरचे कावळे उडाले! दाखवण्यासाठी ज्या डबीत खोकलो, ती मात्र नमुन्यांच्या टेबलावरच विसरलो. प्रयोगशाळेतल्या बाई आलेली डबी तपासल्याशिवाय टाकत नाहीत. नाव नव्हतं, म्हणून त्यांनी वर लिहिलं, 'खोकणारा कारकून'.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. मामा, काय सांगू! निळ्या मैदानात लालचुटूक, किंचित वाकड्या, केसाहून बारीक काड्या. एवढ्याशा जिवानं धडधाकट माणसं लोळवावीत! मी थक्क होऊन म्हणालो, "वा! कुणाच्या या?"

"तुमच्याच," बाई म्हणाल्या.

आजोबांचा निकाल स्वच्छ आला. त्यांनीच माझ्या हातातला फॉर्म घेऊन मला विचारलं, "खिडकी?" खिडकी आहे हो, पण मी ती कधी उघडलीच नाही. आता सहा महिने रोज गोळ्या. बाई म्हणतात, एकही दिवस चुकवला नाही तर बरे व्हाल. ज्यांनी त्या काड्या शोधल्या, त्यांच्यावर माझा विश्वास बसलाय.

तुमचा,
भाचा

ता.क. : गेल्या महिन्यात मी तीन आठवडे तुमच्याच खोलीत झोपलो आणि खोकल्याला 'थंडीचा' म्हणत राहिलो. तुम्ही दोघं तपासून घ्या. पत्र यासाठीच, वरचं सगळं धीर गोळा करायला लिहिलं.

ता.ता.क. : मामी, मामांची पत्रं आधी तुम्ही फोडता हे ठाऊक आहे, म्हणूनच पाकिटावर त्यांचं नाव घातलं. ते म्हणतील, "मला काय धाड भरलीय!" ऐकू नका. दंडाला धरून आणा.