ट्रायल रूममधला पेशंट

तीर्थरूप मामांना,

भाचीचा अगदी वाकून नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकले आहे. का, ते पत्र शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.) तुमची तब्येत कशी आहे असं विचारणार होते, पण ती मला मामीकडून फोनवर कळतच असते, तेव्हा तुमच्याकडून 'ठणठणीत' हे एकच उत्तर ऐकण्याचा त्रास वाचवते. दुकान, शिलाई मशीन आणि मिशा ठीक असतीलच.

आनंदाची बातमी आधी. मला नर्सिंगची उन्हाळी इंटर्नशिप मिळाली, मोठ्या हॉस्पिटलात, डायबेटिसच्या वॉर्डात. जागा एक आणि आम्ही मुली बाकभर. ती मिळाली नसती तर बाबांनी हार्डवेअरच्या दुकानात माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलंच होतं, वर नवी उशीही घातली होती. अख्खी सुट्टी खिळे तोलण्यात गेली असती, आणि बाबांच्या दुकानात एकदा बसलेला माणूस पुन्हा उठत नाही, हे दादाकडे बघून कळतंच. म्हणून जिवावर उदार होऊन मुलाखतीला गेले. अंगात तुम्ही शिवलेला युनिफॉर्म. (खिसे फार छान झालेत. काखेत मात्र आवळतो, मोठा श्वास घ्यायची सोय नाही.)

समोर एक डॉक्टर आणि मेट्रनबाई. डॉक्टर पेंगत होते, मेट्रनबाई अजिबात नाही. प्रत्येकीला एकच प्रश्न: आजवर हाताळलेला सर्वांत अवघड पेशंट कोणता? माझ्या आधीच्या मुलीने म्हणे अपघातातल्या माणसाचं रक्त थांबवलं होतं. तिच्या आधीचीने जुळ्यांच्या बाळंतपणात मदत केली होती. मी आजवर ताप मोजलेत आणि चादरी बदलल्यात. (चादरीचे कोपरे माझ्यासारखे कुणी घालत नाही, पण ते कोण विचारतंय.) डोकं पार रिकामं झालं. आणि मामा, अशा वेळी आपलीच माणसं उपयोगी पडतात.

मी सांगायला सुरुवात केली. पेशंट पुरुष, वय पंचावन्न, धंदा शिंप्याचा. साखर गोळ्यांना दाद देत नाही म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलेलं. जन्मभर सुईशी संसार केलेला हा माणूस तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी गप्पा मारतो, बोटात सुई घुसली तर बोट चोखून पुढचा टाका घालतो. पण इन्सुलिनची ती केसासारखी बारीक सुई दिसली की 'अर्जंट ट्रायल आहे' म्हणून ट्रायल रूममध्ये शिरतो आणि पडदा आतून टाचण्यांनी बंद करून टाकतो. बाहेर इन्सुलिन शिकवायला आलेली नर्स, हताश पत्नी (मामीला सांगू नका, मी 'हताश' म्हटलं) आणि एका बाहीचा कोट घालून उभं असलेलं गिऱ्हाईक. पेशंट आतून सांगतोय, आत कुणी नाही.

डॉक्टर खडबडून जागे झाले आणि इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग? घेतलं का शेवटी?"

तिथे खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर ती उशी आली. म्हटलं, "हो तर. आता रोज स्वतःच घेतात. हसत हसत." इथे तरी थांबावं ना? पण माझी जीभ एकदा सुटली की माझं ऐकत नाही. "गिऱ्हाइकांनासुद्धा समजावतात," हेही सांगून बसले.

"अशीच माणसं हवीत आम्हाला," मेट्रनबाई म्हणाल्या. "नवे पेशंट घाबरतात. सोमवारी रुजू व्हायला येशील तेव्हा त्यांना घेऊन ये. सगळ्यांसमोर इन्सुलिन टोचून दाखवतील." आणि जागा माझी झाली.

बाकी इकडे सगळं क्षेम. मामीला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो सोमवारनंतरही राहावा.

तुमची उपद्रवी भाची

ता. क. तेव्हा सोमवारी यायचं आहे. वॉर्डभर माणसांसमोर शर्ट वर करून पोटात सुई घ्यायची, आणि हसायचं. सरावासाठी मामी हे पत्र मिळताच फ्रिजमधून इन्सुलिन काढून ठेवील. ट्रायल रूमचा पडदा तिने धुवायला काढला आहे, तो सोमवारपर्यंत काही वाळायचा नाही.

ता. क. वरचं सगळं काल लिहिलं. आज राहवलं नाही, मेट्रनबाईंना जाऊन खरं सांगून आले, की पेशंटने अजून एकदाही सुई टोचून घेतलेली नाही. त्या म्हणाल्या, "तू 'हसत हसत' म्हणालीस तेव्हाच कळलं. सुरुवातीला कुणी हसत घेत नाही." जागा माझीच राहिली. पण म्हणाल्या, "दाखवायला आणू नकोस, पेशंट म्हणून आण." तेव्हा माझ्या नोकरीचं ओझं आता तुमच्यावर नाही. तुम्ही मोकळे आहात.

ता. क. हे शेवटचं. मामीने तुमचा साखरेचा नवा रिपोर्ट मला फोनवर वाचून दाखवला. गेल्या वर्षी मला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं. आता कळतं, आणि मला खूप भीती वाटली, मामा. सोमवारी सकाळी मी हॉस्पिटलच्या फाटकापाशी उभी असेन आणि तुम्ही आल्याशिवाय आत जाणार नाही. पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून त्यांनी मला काढून टाकलं, तर कारण मात्र मी सगळ्यांना खरं सांगेन.