नवमीचं पान

॥ श्री ॥
बोरगाव मेघे, वर्धा
२ सप्टेंबर १९९८

ती. ताईस,
रुचीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमन दिसला की मी आधी पत्राचे कोपरे बघते. आजी गेली तेव्हा कोपरा फाडलेलं कार्ड आलं होतं आणि आईनं ते घरात न आणता ओट्यावरच वाचून फाडलं होतं, ते डोळ्यांपुढून जात नाही. तुझ्या पत्राचे चारही कोपरे शाबूत, शिवाय वर कुंकवाचं बोट. आणि मायन्यात चक्क चि. सौ.! कोर्टात सह्या करून लग्न केलं त्याला पाच महिने होत आले, पण माहेरच्या माणसानं माझ्या नावाआधी सौ. लावायची ही पहिलीच वेळ. मी तीनदा वाचलं. रत्नदीप म्हणाले, आता काय फ्रेम करून भिंतीवर लावतं काय.

आमच्या दोन खोल्या आता घरासारख्या दिसायला लागल्यात. वातीच्या स्टोशी माझं जमलंय, फक्त वरण अजून कधी पातळ तर कधी भिंत. रत्नदीप पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून आले की मला सायकल शिकवतात. काल त्यांनी मागचा हात न सांगता सोडला. मी सरळ गेले खरी, पण थांबायचं कसं ते ऐनवेळी विसरले आणि मेंदीच्या कुंपणात शिरले. अवं, ब्रेक काय शोभेले लावला हाये काय, म्हणून ओरडत मागून आले आणि मग दोघंही हसत बसलो.

बालवाडीचा पहिला पगार झाला. त्यातून तुला मोरपंखी साडी घेतली आहे, लाल काठाची. फॉल मीच लावला आणि पदराच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तुझ्या नावाचा ‘अं’ काढलाय, म्हणजे जावांनी आपली म्हणायला नको. आम्हाला या खोल्या मिळवून देणारी आपल्या अल्लीपूरची सुलोचना, तिचे मिस्टर मधुकरराव आर्वीच्या गाडीवर कंडक्टर आहेत. ते तुझ्या हातात आणून देतील.

पौर्णिमेला भुलाबाई बसेल. लग्नानंतरच्या पहिल्या भुलाबाईला मुलीला माहेरी आणतात, भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो. ताई, माझा मुराळी येईल का गं? आबा काही बोलतात का? तूच एक माझी त्या घरातली खिडकी आहेस.

भाऊजींना नमस्कार. आहे तसा जीव राहू दे.

तुझी,
रुची


॥ श्री ॥
आर्वी
८ सप्टेंबर १९९८

चि. सौ. रुचीस,
ताईचे अ. उ. आ.

साडी मिळाली. लगेच नेसून आरशापुढे उभी राहिले. तुझे भाऊजी म्हणाले, सासऱ्यांच्या कापड दुकानातली एकही साडी तुला एवढी शोभली नाही. हे आबांच्या कानावर गेलं तर जावयाचं दिवाळीचं धोतर बंद होईल!

सायकलचं वाचून हसले. लहानपणीही तू थांबायचं शिकायच्या आधी पळायला शिकली होतीस. वरणाला मात्र डाळ आधी भिजत घालत जा.

आता तुझ्या प्रश्नाचं. मागच्या आठवड्यात अल्लीपूरला गेले होते, तेव्हा आबा जेवताना एकदम म्हणाले, वर्ध्याकडे पाऊस कसा आहे? वर्ध्याला आपलं दुसरं कोण आहे गं? आईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. बर्फ वितळतोय, थोडा दम धर. स्वप्निलला हिंगणघाटचं स्थळ आलंय. माणसं चांगली पण फार कडक आहेत, म्हणून सध्या आबांपुढे काही काढत नाही. दसरा होऊ दे. दुसऱ्या दिवशी स्वप्निल तुला न्यायला येईल आणि कोजागिरीला तू अल्लीपुरात असशील. हा माझा शब्द.

माहेरी आल्यावर काय काय खायचंय ते आत्ताच लिही. तुझे डोहाळे पुरवायची सवय मला तू जन्मलीस तेव्हापासूनची आहे.

रत्नदीपरावांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो कुठे जातो.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
बोरगाव मेघे
११ सप्टेंबर १९९८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा शब्द मिळाला आणि मी पलंगाखालची बॅग काढून भरायलाच घेतली. रत्नदीप म्हणाले, आस ठेव, पण बॅग भरू नको. त्यांना आपली माणसं माहीत नाहीत, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी नुसती बॅगेची अडकलेली चेन सरकवून दिली.

यंदा भुलाबाई आमच्याच घरी बसवली. रत्नदीप बाजारातून भुलाबाई-भुलोजी घेऊन आले, येताना सायकलवर भुलोजीचं नाक तुटलं. ते त्यांनी डिंकानं चिकटवलं, तर थोडं डावीकडे बसलं. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी गाणी म्हणायला येतात. मग मी डबा वाजवते आणि खिरापत काय आहे ते ओळखायचं. काल यांनी बाहेरून नुसता आवाज ऐकून सांगितलं, फुटाणे आणि गूळ. पोरी थक्क! नंतर कळलं, अर्धा डबा यांनीच आधी फस्त केला होता.

दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार. सासूबाईंनी मला पांढरी साडी पाठवली आहे. मी इतक्या गर्दीत कधी गेले नाही, पण त्या म्हणाल्या, माह्या पदराले धरून राह्यजो, हरपणार नाईस.

खायचं विचारलंस तर तुझ्या हातची तांदळाची खीर, भरडा वडे आणि कोहळ्याची बोंडं. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून दारात उभी असेन.

आईच्या पाया पडते म्हणून सांग. अशीच पाठीशी राहा.

तुझी,
रुची


॥ श्री ॥
मुक्काम अल्लीपूर
१५ सप्टेंबर १९९८

चि. सौ. रुचीस,
अ. उ. आ.

घाईत लिहिते. पितरांचं करायचं म्हणून कालच इथे आले. सकाळपासून चुलीपुढे आहे. तू लिहिलेलं सगळं केलं गं, खीर, वडे, बोंडं. तुझी इतकी आठवण आली की बोंडं तळताना हात भाजला. आईच्याही डोळ्यांत पाणी होतं.

एक सांगते. आबांनी आज तुझं नाव घेतलं. गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. यापेक्षा जास्त आत्ता लिहीत नाही. तब्येतीला जप.

तुझी,
ताई


बोरगाव मेघे
३ ऑक्टोबर १९९८

ताई,

काल दसऱ्याचा दुसरा दिवस. नागपूरहून रात्रीच आलो होतो, पाय दुखत होते, तरी मी सकाळी सातला बॅग घेऊन दारात बसले. अकराला रिक्षा थांबली. स्वप्निल नव्हता. सुलोचनाची आई होती, आनंदाबाई. त्या लेकीकडे न जाता सरळ माझ्याकडे आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही होतं. माझ्या पुढ्यात ठेवलं आणि रडायलाच लागल्या.

कागदात मोरपंखी साडी होती. मी पदराचा कोपरा बघितला. लाल दोऱ्याचा ‘अं’.

त्या म्हणाल्या, बाई, मले नवमीची सवाशीण म्हून जेवाले बोलावलं, मी गेली. पानावर बसल्यावर तुह्या बापानं हातात पाणी घेतलं अन् तुहं नाव घेतलं. म्या इचारलं, पोरगी त जित्ती हाये ना मालक? त म्हणे, आमच्यासाठी नाई. भरल्या पानावरून कशी उठू मी? पन हे लुगडं मले घरात सोसून नाई राह्यलं. जित्त्या लेकराच्या नावाचं मी कशी नेसू?

त्यांनी मला सगळं सांगितलं. हिंगणघाटचे पाहुणे समोर बसले होते. आई आतल्या खोलीत होती. वाढत होतीस तू. साडी त्यांच्या ओटीत घातलीस तू.

अविधवा नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या श्राद्धाची. तुझं पंधरा तारखेचं पत्र माझ्यापुढे आहे. आबांनी माझं नाव घेतलं, असं तू लिहिलंस. बोंडं तळताना हात भाजला, असं लिहिलंस. मला काय आवडतं ते तू मलाच विचारून घेतलंस आणि माझ्याच पानावर वाढलंस.

आनंदाबाईंना काही चुकीचं कळलं असेल तर सांग. मी तुझ्यावर विश्वास ठेवीन. अजूनही ठेवीन, ही माझी लाज आहे.

रुची


॥ श्री ॥
आर्वी
८ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. रुचीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. आनंदाबाईंनी तुझ्यापर्यंत यायला नको होतं. तुला कधी कळूच द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

हिंगणघाटच्या माणसांनी स्पष्ट सांगितलं की त्या मुलीशी संबंध तुटल्याचं आमच्या डोळ्यांना दिसू द्या, मगच सुपारी फोडू. आबांनी सर्वपित्रीला करायचं ठरवलं होतं, नुसतं वाऱ्यावर सोडल्यासारखं. मी भांडले. म्हणाले, करायचंच तर नवमीला करा, सवाष्ण जेवू घाला. म्हणजे तिचं सौभाग्य तरी घरानं मानल्यासारखं होईल. एवढं मी तुझ्यासाठी पदरात पाडून घेतलं. साडीचं म्हणशील, तर तिच्या हातची वस्तू घरात राहू नये असं आबांचं म्हणणं पडलं. मी नाही कशी म्हणू?

वाढताना मी मनात म्हणत होते, हे आजीचं पान आहे, रुचीचं नाही. देव मन बघतो. मुराळ्याचं म्हणशील तर तुझी आस मोडवेना, म्हणून लिहीत राहिले. स्वप्निलचं लग्न एकदा होऊन जाऊ दे, मग मी आबांना वळवते. तोवर पत्रं लिहीत जा. फक्त इथल्या पत्त्यावर नको, मी दुसरा पत्ता कळवीन.

रागावलीस तरी तुझी आहे. अंतर देऊ नकोस.

तुझी,
ताई


बोरगाव मेघे
१३ ऑक्टोबर १९९८

सौ. अंजू यांस,

मुद्दाम उघडं कार्ड लिहिते आहे आणि जुन्याच पत्त्यावर. वर श्री घातलेला नाही, कुंकूही नाही.

तुम्ही माझ्या सौभाग्यासाठी भांडलात, हे वाचलं. म्हणजे आबांनी माझं लग्न मानलं, फक्त त्यासाठी मी मेले पाहिजे होते. पाहुण्यांनी अट घातली, आबांनी पाणी सोडलं, त्यांचं मला फार वाटत नाही. ते मला कधी चि. सौ. म्हणाले नव्हते. तुम्ही म्हणालात, आणि नेमकं त्या दिवशीच्या पत्रातही म्हणालात.

साडी मी जाळावी असं सुलोचना म्हणाली. रत्नदीप म्हणाले, तुह्या कमाईचं कापड हाये, त्यानं कोनाचं काय केलं? कोजागिरीला भुलाबाई उठवली तेव्हा मी तीच साडी नेसले होते. पदरावरचा ‘अं’ उसवला आहे. आनंदाबाई आल्या होत्या, त्यांनी येताना कोहळ्याची बोंडं आणली. मी पोटभर खाल्ली. सायकल आता मला येते, थांबताही येतं.

कार्डाचा कोपरा मी फाडला आहे. पोस्टमन देईल तेव्हा घरात नेऊ नका, ओट्यावरच वाचून फाडा, रीत आहे. कोण गेलं म्हणून शेजारी विचारतील. रुची गेली असं सांगू नका, ती इथे नवऱ्यासोबत सुखात आहे. सांगा, तिची ताई गेली.

रुचिका रत्नदीप