चिमूटभर कमी

२ फेब्रु., सोम.
वैशालीचा पुण्याहून फोन. रविवारी येते म्हणाली, एकटीच. सुमन गेल्यापासून पहिल्यांदाच सवडीने येतेय पोरगी. "मटण करतो," मी बोलून गेलो. ती म्हणाली, "पप्पा, मी सोडलंय. माहितीये ना?"
माहितीये. वैशाली चार वर्षांची असताना टायफॉइडने पार गळाली होती, तेव्हा सुमनने नवस बोलून मटण सोडलं ते कायमचं. पोरीला सांगायची, मला वास सोसत नाही. खरं कारण हिला कळलं ते आईच्या दहाव्याला. त्या दिवसापासून हिनेही सोडलं. मायलेकी सारख्याच हट्टी.
तरी करणार. तीसेक वर्षं स्वतः तोंडात न घालता तिने दर रविवारी शिजवलं, ते पोरीने खावं म्हणूनच ना?

३ फेब्रु.
माळ्यावरून स्लो कुकर काढला. विजेवर मंद शिजवणारा, वै.नेच आणलेला, आजारपणात आईला गॅसपाशी उभं राहायला लागू नये म्हणून. खोकं चिकटपट्टीसकट तसंच. "उघडू की सावकाश," म्हणायची सुमन. राहिलंच.
तिची शेगडी मला जमायची नाही. कोळशाचा मंद जाळ, वर भगुलं, झाकणावर पाणी. दुपारपर्यंत नुसतं रटरटत असायचं. फौजेतून सुट्टीवर आलो आणि गल्लीत वास आला की समजायचं, आज रविवार.

४ फेब्रु., बुध.
रंगीत तालीम. अर्धा किलो. स. सातला लावलं आणि दर अर्ध्या तासाने झाकण उचलून चमचा घातला. मीठ बघायला. घरात माझी ड्युटी तेवढीच असायची. सुमन खात नव्हती, मग चाखणार कशी? वाटीत रस्सा घेऊन यायची, "मीठ बघा." मी चाखून म्हणायचो, "अजून चिमूटभर." दर वेळी हेच.
दु. दोनला बघतो तर मटण वातड. सगळी वाफ मीच घालवली. वर खारट. गल्लीतल्या कुत्र्याने खाल्लं, तेही विचार करून.

५ फेब्रु.
आटपाडीला मेहुणीला, शांताला फोन. विचारलं, तुझी आक्का मीठ किती घालायची?
"आवं दाजी, तिला कुठलं ठावं? तुमीच सांगत हुता की."
मग हसली. "एक सांगू? ती मुद्दाम चिमूटभर कमी टाकायची. म्हनायची, न्हाईतर ह्यास्नी बोलायला काय ऱ्हाईल?"
आणि मी समजत होतो माझी जीभ तेज. फोन ठेवून रडलो. वै.ला हे सांगायचं नाही.

७ फेब्रु., शनि.
खाटकाने विचारलं, "पाव्हनं येनार जनू?" म्हटलं, लेक. "मग मांडीचं घ्या, लय कवळं हाय." कांदा-खोबरं भाजून वाटण केलं. हळद-मीठ लावून मटण फ्रिजमध्ये. कुकरच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये.
खाल्लं नाही तर? तर शेवग्याची आमटी आहे. पण वाईट वाटेल, खोटं कशाला लिहू.

८ फेब्रु., रवि.
स. सहाला लावलं. मीठ चिमूटभर कमी. हात मागे बांधून बसलो.
दहाला वै. आली. उंबऱ्यातच थांबली, वास घेत. आईच्या फोटोला हात जोडले, स्वयंपाकघरात जाऊन चिठ्ठी वाचली आणि हसली.
दु. एकला झाकण उचललं. बोटाने दाबलं की मटण सुटत होतं. वाटीत रस्सा घेऊन तिच्यापुढे धरला. "खाऊ नकोस. नुसतं मीठ बघ. मला हल्ली कळत नाही."
वाटीकडे बघत राहिली. "आईने माझ्यासाठी सोडलं, पप्पा."
"हो. आणि शिजवलंही तुझ्यासाठीच."
मग करंगळी बुडवून जिभेला लावली.
"अजून चिमूटभर," म्हणाली.
घातलं. दोन ताटं घेतलीत. तिच्या ताटात भाकरी आहे, वाटी अजून रिकामी. हात धुवायला गेलीय. नळ चालू आहे, तेवढ्यात हे लिहून घेतो.