पंधरा मिनिटांचं मतदान

वॉशिंग्टन,
१४ मार्च

प्रिय सिग्ने,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. तुझ्या आईची कंबर आता कशी आहे? तिकडचा बर्फ वितळला असेल. मी ठणठणीत आहे, म्हणजे तक्रार केली तरी ऐकून घेणारं कुणी नाही.

आधी कामाचं. सदस्य पदावर असताना गेला की त्याचा एका वर्षाचा पगार घरच्यांना देण्याची सभागृहाची प्रथा आहे. तुझ्या बाबांचा तो पगार आईला मिळेल. पेन्शनमधला तिचा हिस्सा आणि आरोग्यविमाही चालू राहील. फॉर्म सोबत आहेत, खुणा केल्यात तिथे तिची सही घे. कॅपिटॉलच्या छतावर त्यांच्या नावाने फडकवलेला झेंडा वेगळ्या पार्सलने येतोय.

ऑफिस अजून उघडं कसं, असं तू विचारलंस. वरच्या सभागृहातलं कुणी गेलं तर बहुतेक राज्यांत गव्हर्नर तात्पुरता माणूस नेमतो. आमच्या खालच्या सभागृहात ती सोय नाही, लोकांनीच निवडून द्यावं लागतं. तोवर आम्ही आठ जण सभागृहाच्या सचिवांच्या हाताखाली फोन उचलतो. दारावरची त्यांच्या नावाची पाटी काढली, मतदारसंघाचा आकडा ठेवला. कुणा म्हाताऱ्याचा निवृत्तीचा चेक अडकला तर सोडवायचा. पण अमक्या विधेयकावर हॅल्वरसाहेबांचं मत काय, असं विचारलं तर सांगायचं की या कार्यालयाला मत नाही. परवा एक बाई वैतागून म्हणाली, "अगं, मग तुम्ही आहात तरी कोण? भुतं?" मी हो म्हणाले.

खोटं नव्हतं ते. मतदानाची घंटा वाजते, भिंतीवरच्या घड्याळात दिवे लागतात, आणि मी उठून त्यांचा कोट धरते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे माणूस गेला आणि खोड माझ्याकडे ठेवून गेला. मंगळवारी बाही जड झाली, सिग्ने. आत हात शिरल्यासारखी. मी ओरडलेबिरडले नाही. नेहमीसारखं म्हणाले, "चला साहेब, उशीर होतोय." समोरच्या टेबलावरच्या लायनेलने मान वर केली. "वर्ना, कुणाशी बोलतेयस गं?"

"तुझ्याशीच. टाय सरळ कर."

त्याने टाय सरळ केला, पण तेव्हापासून तो जेवायला बाहेर जातो.

फुलांचंही तसंच झालं. वरच्या सभागृहात ज्याचं त्याचं मेज असतं, माणूस गेला की त्यावर काळं कापड घालून फुलं ठेवतात. आमच्याकडे कुणाचीच जागा ठरलेली नसते, मिळेल तिथे बसायचं. फुलं घेऊन मी कुठे जाणार होते? ऑफिसात आणली, तिथेच सुकली.

हे सगळं मी का लांबवतेय, ते तुला कळलंच असेल. तू लिहिलंयस की त्या सकाळी तू फोनवर त्यांना म्हणालीस, "परक्यांच्या मयतीला जाता, आणि माझ्या लग्नालाही मतदान आडवं आलं. मग मरा तिथेच." आणि अर्ध्या तासात ते गेले. तू झोपत नाहीस. तुझ्या शब्दांनी त्यांना मारलं असं तुला वाटतं.

तुझ्या शब्दांनी नाही.

फोन ठेवून ते बसून राहिले. ओठ पांढरे पडले होते, डावा खांदा चोळत होते. मला दिसत होतं. सदस्यांसाठीचे डॉक्टर याच आवारात बसतात, एक फोन केला असता तर धावत आले असते. तेवढ्यात मतदानाच्या दोन घंटा झाल्या. आदल्या दिवशीचं कामकाज बरोबर लिहिलंय की नाही, यावर मतदान होतं. फक्त तेवढंच. ते म्हणाले, "आज राहू दे वर्ना. जमेलसं वाटत नाही."

मी म्हणाले, "एकोणीस वर्षांत एक मत चुकलं नाही, साहेब. पंधरा मिनिटांचं तर काम आहे."

लोक म्हणतात तो विक्रम त्यांचा. तो माझा होता, सिग्ने. त्यांना तापात उठवून नेलं मी, तुझ्या लग्नाचं विमानाचं तिकीट रद्द केलं तेही मी. माझ्या नावावर दुसरं काहीच नव्हतं. म्हणून मी त्यांना कोट घातला, दंड धरून भुयारी वाटेने लिफ्टपर्यंत नेलं. मतदान चालू असताना ती लिफ्ट फक्त सदस्यांची असते. आम्हाला आत पाय ठेवता येत नाही. मी नियम पाळला. दार लागलं आणि ते एकटेच वर गेले. वर दार उघडलं तेव्हा ते खाली पडलेले होते. ठराव त्यांच्याशिवाय दोनशे मतांनी मंजूर झाला.

ओरडावं, शाप द्यावेत असं वाटलं तर दे. मला तेच हवंय. इथे सगळे माझी पाठ थोपटतात, ते सहन होत नाही.

आणखी एक राहिलंय. घंटा होण्याआधी त्यांनी पुन्हा फोनला हात घातला होता. मी तो हातातून काढून घेतला, म्हटलं, मतदान झाल्यावर. लिफ्टच्या दारात त्यांनी मला बजावलं, "लगेच सिग्नेला फोन लाव. सांग, शनिवारी येतोय. त्या दिवशी मतदान असलं तरी येतोय."

हा निरोप मी पाच आठवडे दाबून ठेवला. तो तुझा आहे.

त्यांना दारापर्यंत सोडणारी,
वर्ना