बाजूने काढलेला फोटो

प्रिय दादा,

मी मजेत आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र उभ्याउभ्या वाचणार नाहीस. आईचा गुडघा कसा आहे? वहिनी तिला जिना चढू देत नाही ना?

काल नाक दाखवून आले. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून नाकात बसवल्याला बारा वर्षं झाली. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाड छान सांधलंय, श्वासही मोकळा आहे. फक्त थोडंसं झिजलंय. असं बसवलेलं हाड कधीकधी शरीर हळूहळू शोषून घेतं म्हणे. झीज थांबली आहे की अजून चालू आहे हे कळायला त्यांनी मधल्या वर्षांचे, बाजूने काढलेले फोटो मागितले.

घरी येऊन सगळे फोटो धुंडाळले. बारा वर्षांत बाजूने काढलेला एकही नाही. आपल्याकडे फोटो काढणारा तू, आणि दर वेळी "समोर बघ" म्हणणाराही तूच.

तुझी बॅट लागली तेव्हा मीच गुपचूप मागे येऊन उभी राहिले होते. तुला दिसणार तरी कशी? लहानपणी मला ज्या नावाने चिडवायचास, तेही त्या दिवसापासून बंद केलंस.

आता दर वर्षी एक फोटो लागेल. सुट्टीत आले की मी खिडकीकडे तोंड करून बसेन. तू बाजूला उभा राहा आणि नीट बघून काढ.

आईला झिजल्याचं बोलू नकोस.

तुझीच,
नकटी