कुमारिकेचं पान

रविवार, ३ मार्च
पोचले एकदाची ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला! आई म्हणत होती, सोन्याच्या खाणीत नोकरी लागली म्हणून तिकडे कोणी पायघड्या घालून उभं नसेल. पण होते की! डॉक्टर नरेंद्र स्वतः एअरपोर्टवर आले. ते इथल्या हॉस्पिटलात असतात. घरी त्यांच्या बायकोने, चित्रलेखाताईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ‘आली गं माझी मयू’ म्हणाल्या. मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं होतं, पेइंग गेस्ट हवी, मराठी, लग्न न झालेली. मला वाटलं, असतील जुन्या वळणाची माणसं. तशी नाहीत. ताई पुण्यात इतिहास शिकवायच्या. आता एका प्राचीन सम्राटाच्या खुनावर पुस्तक लिहितायत. मला खोली, खिडकी आणि पलीकडे तांबडी माती मिळाली. खूश आहे मी.

शुक्रवार, ८ मार्च
इथे माझे भलतेच लाड. ताईंचं व्रत आहे, कुमारिका जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवायचं नाही. आमच्याकडे हे नवरात्रात, तेही एक दिवस. इथे रोज! पुण्याच्या घरी मला शेवटची करपलेली पोळी मिळायची, इथे पानाभोवती रांगोळी आणि वाटीत केशरी खीर. डॉक्टर समोर पेपर वाचत बसतात. पोट बरं आहे ना, असं विचारतात आणि तासाभराने जेवतात. माझ्या बाबांनी जन्मात माझ्या पोटाची चौकशी केली नाही. खरं सांगते, डोळे भरून आले.

मग ताईंचं कोडं. सम्राट संशयी. म्हणून पट्टराणीने हेच व्रत धरलं. त्याच्या ताटातलं आधी एक मुलगी जेवायची. एके दिवशी ती जेवली, तिला काही झालं नाही. मग सम्राट जेवला आणि गेला. कोणी मारलं? मी म्हटलं, प्रधानाने. डॉक्टर म्हणाले, आचाऱ्याने. ताई म्हणाल्या, घाई काय आहे.

मंगळवार, २६ मार्च
पोट पार बिघडलंय. तळपायांना मुंग्या. डॉक्टरांनी तपासलं, पाणी बदललं की होतं म्हणाले. स्वतः मात्र जेवले नाहीत, बर्गर खायला बाहेर गेले. बायकोच्या हातची आमटी सोडून बर्गर! मी हसले.

रविवार, १४ एप्रिल
केस गळतायत, कंगवा भरतो. पण पोट आता ठणठणीत. डॉक्टरही हल्ली माझ्या मागोमाग लगेच जेवतात. ते दर पंधरवड्याला पर्थला का जातात, असं मी सहज विचारलं. पुरण वाटता वाटता ताई म्हणाल्या, सम्राटही दुसरी राणी आणणार होता. मला वाटलं, थट्टा करतायत. ताई हसत नव्हत्या.

शुक्रवार, १० मे, दुपार
नीट लिहिते.

आज सुट्टी. मी जेवले, मग डॉक्टर बसले. त्यांनी खीर दुसऱ्यांदा घेतली तेवढ्यात खाणीवरच्या नर्सचा फोन. आमची दर महिन्याला तपासणी होते. माझ्या अंगात आर्सेनिक आहे म्हणे, चक्क विष. मार्चमध्येच सापडलं होतं, तेव्हा तिने डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले होते, नो वरीज, माझं लक्ष आहे.

लक्ष!

तोंडावर विचारलं. डॉक्टरांनी नजरही खाली घातली नाही. बायको जेवणात काहीतरी घालते हा संशय त्यांना आधीपासूनच. आधी कोणीतरी खाऊन बघायला हवं होतं. मी आजारी पडले, ते जेवले नाहीत. मी बरी झाले, त्यांना वाटलं बायकोने नाद सोडला. एवढंच. जसं काही मी मांजर आहे.

पोट बरं आहे ना. मला ती माया वाटली होती.

मी म्हटलं, नर्स सांगतेय की या महिन्यात आर्सेनिक तिप्पट झालंय.

त्यांनी चमचा खाली ठेवला.

थोड्या वेळाने
डॉक्टर गेले. टेबलाशीच. ताई म्हणाल्या, आण तुझा फोन, अँब्युलन्स बोलावते.

फोन अजून त्यांच्याकडेच आहे. गाडीच्या किल्ल्याही. दार लावून बसलेय. त्या दाराबाहेर बसून बोलतायत, आवाज नेहमीसारखाच मऊ.

कोड्याचं उत्तर सांगितलं त्यांनी. त्या मुलीला आधी महिनोन्‌महिने थोडं थोडं विष चारलं होतं. अंगवळणी पडलं. म्हणून राजाला भरवसा आला. माझंही तसंच केलं. आली गं माझी मयू म्हणाल्या होत्या. मी आईला फोनवर सांगायचे, इथे मला दुसरी आई —

विचारलं, ताई, मी तुमचं काय वाईट केलं? म्हणाल्या, काही नाही गं बाळा.

ऊन उतरतंय
अँब्युलन्स आली नाही. ताईंनी फोन केलाच नसेल.

विचारलं, मग त्या मुलीचं काय झालं? ती तर वाचली ना?

ताई म्हणाल्या, नाही. ती राजाच्या नंतर गेली, इतकंच. शेवटच्या दिवशी तिच्या वाटीत रोजच्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं. विष तिनेच घातलं असं ठरलं. मेलेल्या मुलीच्या नावावर सगळं खपतं.

पाय जड —

आई, मी नाही केलं. मी फक्त जेवले. त्यांनी प्रेमाने वाढलं म्हणून मी —